कर्ज फिटलं, अभिनंदन!

सोमवार, ४

तर दादाचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. ही बँक नाही म्हणजे काय? पैसे ठेवतात, कर्ज देतात, काउंटर आहे, तिजोरी आहे, पेनाला दोरी बांधलेली आहे. बँक व्हायला अजून काय लागतं? शिंगं?

पण आज मोठ्या ताईंनी समजावलं आणि मी बघतच राहिले. (मोठ्या ताई म्हणजे मॅनेजर. सगळे त्यांना हेच म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले आजोबासुद्धा.) पतपेढीत गिऱ्हाईक नावाचा प्रकारच नसतो. जो खातं उघडतो तो सभासद, आणि सभासद म्हणजे मालक. भाड्याची टॅक्सी चालवणारा पण मालक, टायरचं अख्खं गोडाऊन असलेला पण मालक. मत दोघांनाही एकच.

"मग नोकर कोण?" मी विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या. "आणि आजपासून तू."

गुरुद्वाराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एवढीच आमची पतपेढी. वर प्रार्थनेचा हॉल. डोक्यावर इतकी माणसं चालत असतात आणि आवाज अजिबात येत नाही, कारण सगळे अनवाणी! माझ्या वयाच्या मानाने फार मोठं काम मिळालंय मला: जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी खाती नवीन सिस्टिममध्ये आणायची, वर मोबाइल ॲप. आई विचारते, "तीन महिन्यांनी काय?" मी म्हणते, आई, तीन महिन्यांत मी जग बदलते, मग बघू.

बुधवार, ६

इथे नावांचा काही उपयोग नाही. सगळे पुरुष सिंग, सगळ्या बायका कौर, आणि पहिली नावंही पुरुषांना चालतात तीच बायकांना चालतात. पहिल्याच स्क्रीनवर एका नावाची पाच माणसं, त्यातली दोन नवरा-बायको! म्हणून ताई सगळ्यांना धंद्यावरून नाहीतर सवयीवरून ओळखतात. काचवाले. टॅक्सीवाले. चप्पलवाल्या मावशी. 'उद्या देतो' हेही एका माणसाचं नाव आहे. आणि तो खरंच उद्या देतो म्हणे.

मी आजपासून 'कॉम्प्युटर'. "ए कॉम्प्युटर, चहा घेणार का?" असं.

शनिवार, ९

आज कर्ज समितीची बैठक बघितली. हे लिहिलंच पाहिजे.

मला वाटलं होतं टेबल असेल, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला गरजू माणूस घाम पुसत. टेबल नाहीच! सतरंजी. कर्ज मागणारा समितीच्या मधोमध बसतो, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा. आज एक तरुण आला होता, पंक्चरचं दुकान काढायचंय. मी मनात म्हटलं, आता उत्पन्न विचारतील, तारण विचारतील. तर अध्यक्षांनी (हेच ते टायरवाले) विचारलं, "तू नाही फेडलंस तर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही तुला?"

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "माझी आत्या. मी बस चालवतो, तिच्यावरचा कंडक्टर. आणि... तुम्ही."

"मी सोडून अजून एक सांग. मी टायर विकतो, माझा फायदाच आहे त्यात."

सगळे हसले. त्याने तिसरं नाव दिलं, मग त्या तिघांना बोलावणं गेलं. हाच त्यांचा क्रेडिट स्कोअर! चार वर्षं कॉलेजात जे शिकले त्यात हे कुठेच नव्हतं.

(ॲपमध्ये हे कसं बसवायचं? विचार करणे.)

मंगळवार, १२

थकबाकीची यादी. ताईंनी दार लावून घेतलं आणि मग दाखवली. यादीत एकच मोठं नाव, काचवाले काका. त्यांना एका मोठ्या इमारतीच्या काचांचं काम मिळालं होतं, त्यासाठी कर्ज काढलं, आणि माल उतरवताना सगळ्या काचा गेल्या. विमा नव्हता. सहा महिने हप्ता नाही.

"त्यांच्या घरी फोन करायचा नाही," ताईंनी बजावलं. "बायकोला माहीत नाही. बाजारातही कुणाला माहीत नाही. उद्या कळलं तर काचेचा व्यापारी उधारीवर माल देणं बंद करेल, आणि दुकानाला कुलूप लागेल."

"पण जामीनदार?"

"एक वारले, एक गाव सोडून गेले. तिसऱ्यांदा कुणाला विचारायची त्यांना लाज वाटते."

काका परवाच आले होते. पगडी अशी कडक बांधलेली, हसून म्हणाले होते, "तुमच्या खिडकीची काच थरथरते, एकदा बसवून देतो."

सोमवार, १८

झालं! सगळा डेटा आला!! आणि माझी सगळ्यात भारी आयडिया पण चालली. एकाच माणसाची दोनदोन खाती असतात ना, सिस्टिम ती आपोआप ओळखते आणि एक करते. नाव, जन्मतारीख, आणि खातं उघडलं तेव्हाचा पत्ता, तिन्ही जुळलं की माणूस तोच. फोन नंबर वेगवेगळे असले तर दोन्ही ठेवते, म्हणजे मेसेज हमखास पोचणार. अशी अकरा जोडखाती सापडली. ताईंना कौतुकाने सांगितलं, तर म्हणाल्या, "बऱ्याच जणांची जन्मतारीख एक जानेवारीच असते बाई, कागद नव्हते, कारकुनाला वाटेल ते लिहिलं त्याने." म्हटलं, ताई, म्हणून तर तीन गोष्टी तपासतोय!

बुधवार, २०

मी आज हवेत आहे. थकबाकी खाली आली! म्हणजे नुसती खाली नाही, जवळजवळ गेलीच!

पतपेढीचा जुनाच नियम आहे, सभासदाचं कर्ज फार थकलं तर त्याच्याच बचत खात्यातून वळतं करायचं. पूर्वी हाताने करायचे म्हणजे करायचेच नाहीत. आता सिस्टिमने केलं. आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट: काचवाले काकांचं पूर्ण कर्ज फिटलं! त्यांची कुठेतरी बचत होती आणि त्यांनाच ठाऊक नसेल. लगेच मेसेज गेला, माझाच मजकूर: 'कर्ज फिटलं, अभिनंदन!' पुढे एक फूल पण टाकलंय.

ताईंनी आकडा बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुणीतरी भरलं असेल," म्हणाल्या. "विचारायला जाऊ नकोस हं. कर्ज फेडलेल्या माणसाला पैसे कुठून आणले हे आपल्यात विचारत नाहीत."

किती सुंदर पद्धत आहे.

गुरुवार, २१

टॅक्सीवाले काका आले. फार कमी बोलतात. काउंटरला टेकून उभे राहिले, फोन पुढे केला.

"हा मेसेज तूच पाठवला का?"

बघते तर माझाच, फुलासकट. म्हटलं, आवडला का काका?

त्यांनी परत एकदा वाचला. "चांगला आहे. हा सगळ्यांना गेला का?"

"नाही हो, ज्याचं कर्ज फिटलं त्यालाच जातो."

"असं." मग जरा थांबून, "म्हणजे आता ते कर्ज संपलं. परत उघडणार नाही?"

"छे! सिस्टिममध्ये बंद म्हणजे बंद."

"बरं झालं," म्हणाले आणि निघाले. मीच मागून विचारलं, तुम्ही स्वतःची टॅक्सी घेणार होतात ना, ताई सांगत होत्या, गाडी बघायला कधी जाताय? तर म्हणाले, "राहू दे. भाड्याच्या गाडीचं पंक्चर मालक काढतो."

गोड माणूस. टेक्नॉलॉजीबद्दल एवढं कुतूहल या वयात!

सोमवार, २५

काचवाले काका येऊन बसले. म्हटलं, अभिनंदन काका! त्यांनी मान हलवली. खिडकीची काच बसवायला आले होते, सामान घेऊन. काच बसवली, कडेने पुट्टी भरली, अंगठ्याने दाबत दाबत. मग हात पुसत म्हणाले, "पोरी, कॉम्प्युटर चुकतो का गं कधी?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर चुकत नाही काका. चुकतात ती माणसं."

काकांनी नव्या काचेवरचा पुट्टीचा डाग पुसला. पैसे घेतले नाहीत. "हे तरी राहू दे," म्हणाले.

बुधवार, २७

काचवाले काका परत. मोठ्या ताई नाहीत म्हटल्यावर गेले.

गुरुवार, २८

काचवाले काका परत. ताई होत्या. दोघं आत बसले. ताईंनी नेहमीप्रमाणे तोंड भरून कौतुक केलं, "मला काही सांगू नका, मी काही विचारत नाही, तुम्ही सुटलात हे बघून मी सुटले." काका दोनदा "पण ताई" म्हणाले. दोन्ही वेळा ताईंनी हात जोडले. काका तसेच गेले.

माणसाला आनंदही पचवता येत नाही कधीकधी. आई म्हणते ना, सुख बोचतं.

शनिवार, ३०

उद्या सर्वसाधारण सभा. सगळे सभासद वरच्या हॉलमध्ये. नवीन सिस्टिम कायमची घ्यायची की नाही यावर मतदान! मला माहिती द्यायची आहे. थकबाकी घसरल्याचा मोठ्ठा आलेख केलाय, हिरव्या रंगात. दादाला दाखवला, तो म्हणाला, "घसरगुंडी चांगली आहे, पडशील मात्र." जळतोय.

रविवार, ३१

कुठून सुरू करू? आजच लिहायचंय, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

हॉल भरलेला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, सगळे जमिनीवर, अध्यक्षसुद्धा. डोक्यावरून ओढणी घेऊन मी उभी, ओढणी सारखी घसरतेय, आणि पडद्यावर माझा हिरवा आलेख. मी सांगितलं, की थकबाकी आता नसल्यासारखीच आहे. टाळ्या! चप्पलवाल्या मावशींनी तर "शाब्बास कॉम्प्युटर" म्हणून आरोळी ठोकली. अध्यक्ष म्हणाले, "मग हात वर करायचे का?"

तेव्हा काचवाले काका उभे राहिले.

"थांबा," म्हणाले. "त्या रेघेत मी आहे. मी एक पैसाही भरलेला नाही."

सगळ्यांची डोकी त्यांच्याकडे वळली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काचा फुटल्या ते, विमा काढला नव्हता ते, सहा महिने हप्ता दिला नाही ते. कुठेही 'पण' म्हणाले नाहीत. पहिल्या रांगेत काचेचा व्यापारी बसला होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुमचंही देणं आहे, उद्यापासून उधारी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." एवढ्यात बायकांच्या बाजूने एक बाई उभ्या राहिल्या. काकांची बायको. काका त्यांना बघून पहिल्यांदा अडखळले आणि खाली बसायला लागले.

"बसू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "अर्धवट सांगून बसू नका. घरी जाऊन मला उरलेलं विचारावं लागेल."

म्हणून ते उभे राहिले. "कर्ज फिटल्याचा मेसेज आला. मला वाटलं, देवानेच पाठवला. दोन दिवस तसंच धरून चाललो. तिसऱ्या दिवशी वाटलं, देव कशाला दुसऱ्या कुणाच्या खात्यातून देईल? कुणाचे तरी गेलेत. ज्याचे गेले त्याने उभं राहावं."

कुणीच उठेना. काकांनी पुरुषांच्या बाजूला नजर फिरवली आणि एका ठिकाणी थांबले.

"तू आहेस ना रे?"

टॅक्सीवाले काका बसल्या जागेवरून ओरडले, अगदी चिडून, "गप बस ना! सगळं नीट चाललं होतं!"

आणि मला तिथे, पडद्यासमोर, एका झटक्यात कळलं. दोघांचं नाव एक. जन्मतारीख एक जानेवारी. पहिला पत्ता एक. मी दोन माणसांचा एक माणूस केला होता. एकाच्या टॅक्सीच्या पैशांनी दुसऱ्याचं कर्ज फेडलं होतं. आणि ज्याचे पैसे गेले त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कर्ज नसलेल्या माणसाला कर्ज फिटल्याचं अभिनंदन आलं होतं. फुलासकट.

"माहीत होतं तर बोलला का नाहीस?" अध्यक्ष.

"काय बोलू? या शहरात आल्या आल्या आम्ही एका खोलीत राहिलो. पत्र आलं की नाव एकच, कुणाचं ते कळायचं नाही. ज्याच्या हातात पडेल तो फोडायचा. ह्याच्या आईची सगळी पत्रं मी वाचलीत, माझ्या बायकोची ह्याने."

"सगळी नाही वाचली," काचवाले काका म्हणाले.

"निम्मी वाचलीस! आता पैसे चुकून ह्याच्या हातात पडले, तर मी पोलिसात जाऊ?"

हॉल हसत होता आणि माझ्या शेजारची बाई ओढणीने डोळे पुसत होती. मग एकेक उठायला लागलं. चप्पलवाल्या मावशी म्हणाल्या, "माझ्याही खात्यात जास्त आलेत, मला वाटलं व्याज. मी चपला घेतल्या." एक आजोबा म्हणाले, माझे कमी झालेत, वाटलं सुनेने काढले, म्हणून आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. सून पलीकडून, "म्हणून होय!" अकराच्या अकरा जोड्या. 'माझे कुठे गेले' म्हणून भांडणारं कुणी नाही. जो तो 'हे माझे नाहीत' सांगायला उठतोय. मी जगात असं काही बघेन असं वाटलं नव्हतं.

मी माइक धरला आणि म्हटलं, चूक माझी आहे.

"तू सभासद आहेस?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग चूक तुझी कशी? पेढी आमची, पैसे आमचे, चूकही आमचीच. तुला चूक करायची असेल तर आधी खातं उघड."

ठराव झाला. सगळी खाती पूर्ववत. काचवाले काकांचं कर्ज जिवंत, पण मुदत दुप्पट. टॅक्सीवाले काका पैसे परत घेईनात. "मी दिले समजा!" अध्यक्ष म्हणाले, "ही पतपेढी आहे, दानपेटी नाही." आणि काचवाले काकांनी हात जोडून सांगितलं, "तुझे घेतले तर परत तुझ्यासमोर बसता येणार नाही मला. बसू दे." तेव्हा कुठे टॅक्सीवाल्यांनी मान हलवली. जामीनदार म्हणून मात्र एवढे हात वर आले की ताईंना लिहून घेताना दमायला झालं. काचेचा व्यापारी हात वर न करता बसून राहिला. पण उठून गेला नाही.

सिस्टिमवरचं मतदान राहूनच गेलं.

मंगळवार, २

कालपासून एकेक जोडी सोडवतेय, माणसांना समोर बसवून. नियम बदलला: सिस्टिमला शंका आली की ती विचारेल, स्वतः ठरवणार नाही. ताई म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं. मी चांगुलपणाच करत बसले." मग दोघींनी चहा घेतला.

मी खातं उघडलं. माझ्या नावाचं दुसरं कुणीच नाही इथे. जरा एकटं वाटलं, खरं सांगायचं तर.

शुक्रवार, १२

काचवाले काकांनी पहिला हप्ता भरला. बायको बरोबर होती, आता तीच दुकानात गल्ल्यावर बसते. पावती तिने मागितली, तिनेच वाचली, तिनेच घडी केली. व्यापाऱ्याने निम्मी उधारी बंद केलीय, निम्मी ठेवलीय. ओढाताण आहे. काकांची पगडी मात्र तशीच कडक.

ते गेल्यावर तासाभराने टॅक्सीवाले काका. ताई वर गेल्यात याची खात्री करून घेतली.

"कॉम्प्युटर, एक काम आहे. माझ्या खात्यातून दर महिन्याला थोडे, त्याच्या कर्जात."

"काका! सभेत ठरलंय ना!"

"मुद्दल त्याचं तोच फेडू दे. मी नुसतं व्याज म्हणतोय. व्याज कुणाला कळतं? मलाही कळत नाही."

मी नियम बघितले. कुणाच्याही कर्जात कुणीही भरू शकतं, त्याला बंदी नाही. फक्त कर्जदाराला मिळणाऱ्या पावतीवर भरणाऱ्याचं नाव छापून येतं.

"येऊ दे की," काका म्हणाले. "खोटं लिहायला मी सांगतच नाही. माझंच नाव छाप."

त्यांचं नाव. म्हणजे काचवाल्यांचंही. काचवाले काका पावती बघतील, बायको वाचेल, आणि दोघांनाही वाटेल की हे आपणच भरलं. एक अक्षरही खोटं नसेल त्यात.

मी म्हटलं, सोमवारी सांगते. ते म्हणाले, "ताईंना विचारू नकोस, ती लगेच सतरंजी घालून समिती बसवेल." आणि गेले, भाड्याच्या गाडीत बसून.

एका माणसाने, जे आपलं नाही ते नको म्हणून अख्ख्या हॉलसमोर स्वतःला उघडं केलं. दुसरा त्याच माणसासाठी त्याच्या नकळत द्यायला निघालाय. दोघंही मला एवढे मोठे दिसतात की मध्ये उभं राहायला जागाच नाही. पैसे वळवले तर एकाचा मान जातो, नाही वळवले तर दुसऱ्याची माया. चुकायचा हक्क आता मलाही आहे, सभासद झालेय मी. म्हणूनच तुला विचारतेय, वही. तू माझ्या जागी असतीस, तर सोमवारी टॅक्सीवाल्या काकांना काय सांगितलं असतंस?